कूलरच्या दुकानात सूट द्यावी की मेकॅनिक ठेवावा?

नागपुरात कूलरचं दुकान टाकणारा नवा माणूस भेटला की हाच प्रश्न विचारतो. हाताशी थोडेच पैसे आहेत, ते सूट आणि फ्लेक्सवर घालू की स्वतःचा मेकॅनिक ठेवू? मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

समजा हंगामात 60 कूलर विकले आणि प्रत्येकी 500 रुपये सूट दिली, तर 30,000 गेले. तेवढ्याच पैशात महिना 15,000 वर एक मेकॅनिक एप्रिल आणि मे राहतो. खर्च सारखाच, वेळ मात्र वेगळी. सूट मिळते खरेदीच्या दिवशी, तेव्हा गिऱ्हाईक तसंही खुशीत असतं. मेकॅनिक दारात येतो तो पारा 45 च्या वर असताना.

गेल्या नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मानेवाड्याच्या एका काकूंचा दुपारी दीडला फोन आला. "भाऊ, पंखा फिरून राहिला, पण हवा गरमच येते." घरात बाळंतीण होती. आमचा पोरगा गेला, पाहतो तर ताट्या (कूलरच्या बाजूंचे, पाण्याने ओले राहणारे गवताचे पडदे) कोरड्या ठाक, म्हणजे पंप गेलेला. बोअरच्या पाण्याचे क्षार साचून आतली चकती जाम झाली होती. खरवडूनही फिरेना, तेव्हा त्याने नवा पंप बसवला. गॅरंटी संपून महिना झाला होता, तरी पैसे घेतले नाहीत. दोन-तीनशेचा तर माल. ताट्यांवर मग्याने पाणी मारलं आणि बाळाच्या पलंगापर्यंत गार हवा येईस्तोवर तो तिथंच थांबला. या मार्चमध्ये त्याच गल्लीतून तीन घरं कूलर घ्यायला आली. भाव कुणीच पाडून मागितला नाही.

धंद्याच्या दुसऱ्या वर्षी मी उलटं केलं होतं. सूट भरपूर दिली आणि दुरुस्तीला बाहेरचा माणूस धरला. मेमध्ये तो तीन-तीन दिवस फिरकायचा नाही, कारण एकाच आठवड्यात अख्ख्या शहराचे कूलर बिघडतात. बोलणी मला खावी लागली आणि ते रास्तच होतं, पावती माझ्या दुकानाची होती.

तरी सूट कुठेच कामाची नाही, असं मी म्हणणार नाही. होस्टेलची, भाड्याच्या खोलीतली मुलं एक-दोन उन्हाळे काढून जातात, त्यांना भावच महत्त्वाचा. सीताबर्डीत गिऱ्हाईक चार दुकानं फिरून घेतं, तिथे थोडं उतरावंच लागतं. घाऊक धंदा तर सगळा भावाचाच. वस्तीतलं दुकान असेल, मानेवाडा, नंदनवन, जरीपटका, तर मात्र माझं मत ठाम आहे: मेकॅनिक.

विकताना खरं सांगणं हीसुद्धा सेवाच, आणि तिला पैसा लागत नाही. जुलैच्या दमट हवेत कूलर गारवा देत नाही, तो बिघाड नव्हे, हे आधीच सांगा. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढायला सांगा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

वहीत सूट काय आणि पगार काय, दोन्ही खर्चच. स्वतः कमावलेली ख्याती, म्हणजे गुडविल, ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवताही येत नाही. तिची किंमत कळते ती भागीदार निघताना किंवा दुकान विकताना. 1932 च्या भागीदारी कायद्याने ख्याती ही फर्मची मालमत्ता धरली आहे, आणि बहुतेक वेळा मागच्या काही वर्षांच्या सरासरी नफ्याला ठरलेल्या वर्षांनी गुणून ती काढतात. पूर्ण भावात परत येणारी गल्ली त्या सरासरीत दिसते.

मेकॅनिकबरोबर एक जाड रजिस्टरही घ्या. नाव, गल्ली, फोन, मोटर कोणती, पंप कधी बदलला, सगळं त्यात उतरवा. होळीच्या आठवडाभर आधी ते उघडून एकेकाला फोन लावायचा: "काकू, कूलर काढायचे दिवस आले. ताट्या बदलायला पोराला पाठवू का?"