पिलो लायब्ररी आणि कांद्याची पट्टी: आठ महिन्यांनंतर

मी नाशिकला घरी बसून पिंपळगावच्या एका अडत्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. लिलाव, वजन झालं की पट्टीचं, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावतीचं, चित्र थेट शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर जातं. चित्र काढते पिलो, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेची चित्रांसाठीची लायब्ररी; फॉन्ट नोटो सान्स देवनागरी.

लॅपटॉपवर सगळं झकास होतं. सर्व्हरवर चढवलं आणि सकाळीच शेठचा फोन: "अहो, 'शेतकऱ्याचे नाव' हे काय छापलंय?" र खाली टिंब, त्याचा पाय मोडलेला, शेजारी अख्खा य. 'निफाड'ची पहिली वेलांटी न ला सोडून फ च्या गळ्यात. 'त्र्यंबक'चं तर विचारूच नका. "आमच्या जुन्या श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये असं कधी झालं नाही," हेही ऐकून घेतलं.

दोन दिवस फॉन्ट बदलण्यात घालवले. फॉन्ट बिचारा निर्दोष होता. जोडाक्षरं जुळवतं हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर, पिलो त्याच्यापर्यंत राक्म या दुसऱ्या लायब्ररीमार्फत पोचते, आणि राक्मला फ्रिबिडी ही आणखी एक लायब्ररी लागते. पिलो ८.२ पासून राक्म सोबतच येते, फ्रिबिडी मात्र मशीनवर असावी लागते. माझ्या लॅपटॉपच्या उबुंटूवर ती आधीपासून होती, सर्व्हरवरच्या डॉकरच्या स्लिम इमेजमध्ये (काटछाट केलेल्या लिनक्समध्ये) नव्हती. फ्रिबिडी खरं तर उर्दू-अरबीसारख्या उजवीकडून लिहायच्या लिप्यांसाठी; तिच्यावाचून आपली वेलांटी अडेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? एक पॅकेज टाकलं, पट्टी सुधारली.

माझा राग वेगळाच आहे. राक्म नसेल आणि अक्षरं मांडणारं लेआउट इंजिन कुठलं ते आपण सांगितलं नसेल, तर पिलो निमूटपणे 'बेसिक' या जोडाक्षरं न जुळवणाऱ्या साध्या इंजिनवर उतरते. एरर नाही, काही नाही. आता सर्व्हर सुरू होतानाच मी पिलोच्या फीचर्स मॉड्यूलला राक्म आहे का विचारतो. नसेल तर पुढे जाऊच देत नाही.

बाकी तक्रार नाही. वेग पुरेसा आहे. भाषा 'एमआर' (मराठी) दिली की ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. रुंदी मोजतानाही तीच भाषा द्यावी, नाहीतर उजवीकडचे आकडे हलू शकतात.

गेल्या महिन्यातली चूक मात्र माझीच. गावाचं नाव रकान्यात बसेना म्हणून ११ अक्षरांवर कापलं. पण पायथन अक्षरं नाही, कोडपॉइंट मोजतं, म्हणजे व्यंजन, मात्रा, हलन्त हे सगळे वेगवेगळे; 'त्र्यंबकेश्वर'मध्ये ते १३ आहेत. पट्टीवर आलं 'त्र्यंबकेश्'. तेव्हापासून कापत नाही, त्या ओळीचा फॉन्टच दोन पॉइंटने लहान करतो.