गोळी की वही? भीतीच्या झटक्यांवर दोन्ही करून पाहिल्यावर

सेलूत माझं कृषी सेवा केंद्र आहे. मला भीतीचे झटके, म्हणजे पॅनिक अटॅक, यायचे: छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, आता मेलोच असं वाटणं. ईसीजी दोनदा काढला, दोन्हीदा नॉर्मल. त्यावर आधी गोळ्या घेतल्या, मग वहीत विचार लिहून तपासायचा उपचार केला.

आधी गोळ्यांचं. रोजची एक, एसएसआरआय गटातली, म्हणजे उदासी आणि भीती दोन्हींवर देतात ती. आणि झटका आला तरच घ्यायची दुसरी, झोप आणणाऱ्या जातीची. रोजच्या गोळीवर माझा राग नाही. पहिले दहा दिवस मळमळ, धडधड उलट वाढल्यासारखी. महिन्याभरात मात्र झोप लागायला लागली. गुण यायला काही आठवडे जातात हे आधी कळलं नसतं, तर मी आठव्या दिवशीच सोडली असती. खर्च कमी, परभणीला दोन महिन्यांतून एक चक्कर, दुकानाला कुलूप लावावं लागत नाही.

खोट निघाली ती दुसऱ्या गोळीत. वर्षात चारदासुद्धा घेतली नसेल, पण तिची पट्टी सदऱ्याच्या खिशात लागायचीच. एकदा संभाजीनगरला मेहुण्याकडं निघालो. मराठवाडा एक्सप्रेसनं सातोना मागं टाकलं आणि खिसा चाचपला. पट्टी धुवायला टाकलेल्या सदऱ्यात. परतूरला उतरलो, परतीच्या गाडीची वाट बघत दोन तास बाकावर बसलो. त्या दोन तासांत काहीच झालं नाही; घरी चाललोय एवढ्यावरच जीव थाऱ्यावर आला होता. बायको म्हणाली, "गोळी पोटात न जाताच काम करती का काय?" डॉक्टरांना सांगितलं तर बाहेर वीस माणसं बसलेली. "असू द्या की खिशात," म्हणाले.

मला हेच खुपलं. भीती गेली नव्हती, खिशात जाऊन बसली होती.

मग वही, म्हणजे सीबीटी: समुपदेशकाशी बोलून आपले विचार आणि वागणं तपासायचं, बदलायचं. अॅरन बेक यांनी 1960च्या दशकात मांडलेली ही पद्धत. तिच्या जवळची अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांच्यामुळं मराठी वाचकाला ओळखीची आहे. वहीत रकाने: प्रसंग, मनात काय आलं, भीती 0 ते 100 पैकी किती, आणि त्याला पुरावा काय. पट्टीचं ऐकून समुपदेशक ताईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "झटका आपसूक ओसरतो, पण श्रेय दर वेळी पट्टीला जातं. तुम्हाला कळणार कसं?" मग घरचा अभ्यास: पट्टी घरी ठेवून बाजारात जायचं, नंतर मानवत रोडपर्यंत, मग परभणी. मानवत रोडच्या फलाटावर मी 80 लिहिले. पंधरा मिनिटांनी 30.

वहीचे तोटेही कमी नाहीत. ताई संभाजीनगरला, भेटीचे 800 रुपये, जाऊन-येऊन दिवस मोडतो. अशा चौदा चकरा झाल्या. तक्त्यातलं मराठीही भलतंच. 'स्वयंचलित नकारात्मक विचार' वाचून मला विहिरीवरच्या मोटारीचं ऑटो आठवलं. माझ्या आईला लिहिता येत नाही, तिला ही वही कशी देणार? आणि माझ्या मावसभावाला आवाज ऐकू यायचे, तिथं औषधच आधी लागलं. वही फार तर नंतर, जोडीला. अंथरुणातून उठवत नाही इतकी उदासी असेल तरी हेच. फ्रॉइडच्या वळणाचं बालपण उकरणंही आहे, पण त्याला वर्षं लागतात, आणि तसं करणारा माणूस आमच्याकडं मला तरी सापडला नाही.

माझ्या एकट्यावरून ठरवू नका. मला रोजच्या गोळीनं वही धरण्याइतकं उभं केलं, हे नाकारत नाही. नंतर डॉक्टरांच्याच सल्ल्यानं ती हळूहळू कमी केली. एकदम कुणी सोडू नये. पण त्रास भीतीच्या झटक्यांचा असेल आणि दोन्हीतलं एकच जमणार असेल, तर मी वहीकडं झुकेन. औषध थांबल्यावर झटके परतायचं भय वहीनंतर कमी राहतं, असं अभ्यासही साधारण सांगतात. जवळ कुणी नसेल तर 14416 वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आणि मराठीत. निदान कुठं जायचं ते कळतं.

फक्त सुरुवात पेरणीच्या तोंडावर करू नका. मी जूनमध्ये केली. दुकानात बियाण्याची झुंबड, तीन भेटी बुडाल्या, आणि वहीत पंधरा दिवस नुसता युरियाच्या उधारीचा हिशोब.