हनोईतल्या दोन निळ्या नोटा

व्हिएतनामची २०,००० डोंगची नोट निळी आहे आणि ५,००,००० ची पण निळीच. दोन्हींवर हो चि मिन्ह, दोन्ही गुळगुळीत प्लास्टिकच्या. पहिली म्हणजे आपले साधारण सत्तर रुपये, दुसरी सोळाशेच्या वर. हनोईला जाणार असाल तर हे आधी डोक्यात पक्कं करा. मी केलं नव्हतं.

शुक्रवारची संध्याकाळ होती. होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते शनिवार-रविवारसाठी गाड्यांना बंद झालेले, आणि हांग दाओपासून दोंग शुआन मंडईपर्यंत रात्रबाजार भरलेला. मी आणि बहीण आधी प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसून बुन चा खाऊन आलो होतो. तिथल्या आजींनी चुकून जास्त गेलेली नोट आमची आम्हाला परत केली होती. त्यामुळे जरा गाफीलच होतो म्हणा.

तेवढ्यात शंकूसारखी टोपी घातलेली एक बाई समोर आली. खांद्यावर कावड, दोन्ही परड्यांत तीळ लावलेले तळलेले गोळे. बोलायच्या आत कावड बहिणीच्या खांद्यावर, टोपी डोक्यावर. "फोटो, फोटो!" बहीण हसतेय, मी फोटो काढतोय. मग बाईने गोळ्यांची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि मोबाइलवर ५० लिहून दाखवलं. तिथे भाव सांगताना शेवटचे हजार गाळतात, म्हणजे पन्नास हजार. महाग होतं, पण फोटोचे धरून ठीक, असं म्हणून मी पाकीट उघडलं.

हीच चूक. गर्दी, अर्धवट उजेड, सगळ्या नोटा पसरून मी शून्यं मोजत बसलेला. वीसची एक काढली, दहाची एक काढली. दुसरी वीस शोधतोय तोवर बाईचं बोट थेट पाकिटात. तिने एक निळी नोट झर्रकन ओढली, तिन्ही नोटा कमरेच्या पिशवीत घातल्या, कावड उचलली आणि गेली. गोळे बरे होते, तेल फार.

हॉटेलवर बहिणीने हिशेब मांडला. "दादा, पाच लाखांच्या तीन उरायला हव्यात, दोनच आहेत. आणि वीसची एक जास्त कशी?" म्हणजे पन्नासच्या जागी पाच लाख तीस हजार गेले होते.

मग दोन्ही नोटा दिव्याखाली धरल्या. पाच लाखांची किंचित लांब आहे, पण पाकिटात ते कळत नाही. उलटी बाजू बघायची. वीस हजारांच्या मागे होई आनचा छपराचा जपानी पूल, पाच लाखांच्या मागे हो चि मिन्ह यांचं घर. आम्ही मोठ्या नोटा तेव्हाच पासपोर्टच्या थैलीत टाकल्या. पुढे बाजारात वरच्या खिशात फक्त सुटे.

माझीच नजरचूक झाली असेल, असंही रात्री वाटून गेलं. पण दुसऱ्या दिवशी तळ्याच्या त्याच कोपऱ्यावर तीच बाई दिसली. एका परदेशी आजींच्या डोक्यावर टोपी चढली होती आणि त्यांची पर्स उघडी होती. मी धावत जाऊन मध्ये हात घातला, निळी नोट दाखवून "नो, नो" ओरडलो. बाई काही न बोलता कावड घेऊन सटकली. आजी मात्र माझ्यावरच चिडल्या, फोटो बिघडवला म्हणून.