घडीचं ईझल आणि मेणवलीचा घाट

ॲल्युमिनियमच्या तीन पायांचं हे घडीचं ईझल, म्हणजे चित्राचा बोर्ड लावायचा स्टँड, मी मागच्या दिवाळीनंतर 2,800 रुपयांना घेतलं. हाच माल चार-पाच नावांनी विकला जातो, म्हणून ब्रँड लिहीत नाही. साताऱ्याहून पहाटे निघून वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर सातेक वेळा वापरलंय. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेत उतरणारा हा घाट. पायऱ्या झिजलेल्या, एकही दगड सपाट नाही. पण ईझलचा प्रत्येक पाय वेगळा लांब-आखूड होतो, त्यामुळे एक पाय दोन पायऱ्या खाली सोडला तरी बोर्ड सरळ राहतो. मधल्या आकड्याला पाण्याच्या बाटलीची पिशवी अडकवली, की वाऱ्यातही हलत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते बोर्ड पूर्ण आडवा होणं. डिसेंबरात नदीवर धुकं असतं, पावणेसातला दिलेला आभाळाचा वॉश (पाणीदार जलरंगाचा हात) ऊन आलं तरी ओलाच. बोर्ड तिरका असेल तर सगळा रंग खाली ओघळून येतो. आडवा ठेवला तर जागच्या जागी मुरतो. (घाई मात्र नडतेच. वसईहून आणलेली घंटा ज्या देवळात आहे, त्याचं शिखर मी ओल्यातच काढलं आणि ते आभाळात विरघळून गेलं.)

आता तक्रार. पाय आवळायचे स्क्रू प्लॅस्टिकचे आहेत. थंडीत गारठलेल्या बोटांनी ते नीट आवळले जात नाहीत. तिसऱ्याच खेपेला एक पाय सर्रकन आत गेला. रंगाचं पाणी, पॅलेट आणि पाव इम्पीरियल मापाचा (साधारण 11 × 15 इंच) कोरा कागद, सगळं पायऱ्यांवर. हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलचे विंगनट (बोटांनी फिरवायचे, दोन पंखांचे नट) आणून बसवले, तेव्हापासून त्रास नाही. पण हे कंपनीने करायला हवं होतं.

आणि अंधारात लावायला दहा मिनिटं लागतात. सूर्य डोंगराच्या वर आला की सावल्यांचा निळा रंग पंधरा-वीस मिनिटांत उडतो, त्यात ही दहा मिनिटं फार महाग पडतात. मी आता घरूनच बोर्डावर कागद टेपने चिकटवून नेते. डोक्याला लावायची बॅटरी घ्याल तर पांढऱ्या उजेडाची घ्या. पिवळ्या उजेडात फिकट पिवळा कागदावर दिसतच नाही, आपण थापत बसतो आणि उजाडल्यावर आभाळ हळदीचं निघतं.

गुडघे दुखत असतील, उभ्यानेच रंगवायचं असेल तर बेलाशक घ्या. मांडी घालून बसता येत असेल तर साधा पाट पुरे.

सोबतची पिशवी महिन्याभरात उसवली. मी जुन्या सतरंजीची शिवली, ती जास्त टिकलीय.