वेफेअरर डिंगी : एप्रिल ते सप्टेंबर वापरल्यानंतर

रात्री होडीतच झोपायचं आणि सकाळी भरतीबरोबर पुढे निघायचं, असा बेत असेल तर ब्रिटनच्या सेकंडहँड बाजारात पहिलं नाव वेफेअररचं निघतं. डिंगी म्हणजे लहान, उघडी शिडाची होडी. इयन प्रॉक्टरने १९५७ साली आखलेली ही होडी ४.८२ मीटर लांब आणि १.८५ मीटर रुंद आहे. फ्रँक डाय हा दर्यावर्दी १९६३ मध्ये हिच्यातूनच स्कॉटलंडहून आइसलंडला गेला. पुढच्या वर्षी नॉर्वेच्या वाटेवर वादळात होडी पुन्हा पुन्हा उलटली, डोलकाठी मोडली, तरी आतले दोघे सुखरूप पोचले. विकणारे हा इतिहास आवर्जून सांगतात. नुसत्या होडीचं वजन १६९ किलो आहे, हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

पाण्यात हे वजन फायद्याचंच ठरतं. एकाने नाकावर जाऊन नांगर उचलला तरी होडी कलंडत नाही. अडचण जमिनीवर येते. डोलकाठी, शिडं, नांगर, तंबू, पाणी धरून सगळं तीनशे किलोंच्या घरात जातं. मऊ वाळूत ट्रॉलीची चाकं रुतली की दोघांचं काही चालत नाही. हवा भरायचे दोन लांब रोलर घ्याच, त्यांच्यावरून रिकामी होडी वर चढते. उधाणाच्या ऐन भरतीला ती उंच चढवून ठेवू नका. पुढच्या भरत्या तिथवर येत नाहीत आणि होडी पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरा दिवस, अडकून पडते. कोकणातल्या होडीवाल्याला हे सांगावं लागणार नाही. इंग्लंडमध्ये नव्याने शिडाकडे वळणाऱ्यांना सांगावं लागतं.

एकट्याने फिरायचं असेल तर वेफेअरर घेऊ नका. ३.३ मीटरची मिरर ही लहान होडी अवघी ४५ किलोंची आहे, पण झोपायला तोकडी पडते. ड्रॅसकोम लगर या दुसऱ्या होडीला बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, नाही, त्यामुळे तंबू झटपट चढतो आणि शिडं आवरायला सोपी जातात. पण ती वाऱ्यावर चढताना, म्हणजे वारा येतो त्या बाजूला जाताना, मागे पडते आणि वेफेअररहूनही जड आहे.

वेफेअररमध्येही दोन तऱ्हा आहेत. जुन्यांत खाली सुट्या फळ्या असतात, नव्या काहींत पाणी आपोआप बाहेर जाणारा दुहेरी तळ असतो. मुक्कामासाठी आम्हाला जुनीच सोयीची वाटते. सेंटरबोर्डच्या, म्हणजे होडी आडवी घसरू नये म्हणून मध्यातून पाण्यात सोडायच्या फळीच्या, पेटीच्या दोन्ही बाजूंना एकेक जण, पाय आडव्या बाकाखाली, आणि बसायला डोक्यावर जास्त जागा. विकत घेताना पुढच्या-मागच्या हवाबंद कप्प्यांच्या झाकणांचं रबर दाबून पाहा. कडक झालं असेल तर बदलावंच लागेल. कप्प्याच्या बुचाला नळी लावून तोंडाने हवा फुंका आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा, बुडबुडे गळती दाखवतात. कंप्रेसर लावू नका, सांधेच उकलतात. लाकडी होडी असेल तर सेंटरबोर्डच्या पेटीचा तळाशी असलेला सांधा टोच्याने तपासा. कुजायला सुरुवात बहुधा तिथूनच होते.

सर्वांत जास्त वैताग याच पेटीचा. गोट्यांच्या किनाऱ्यावर होडी टेकली की बारीक खडे खालच्या फटीतून वर शिरतात. तरंगल्यावर बोर्ड खाली जात नाही आणि होडी वाऱ्यासमोर आडवी घसरत राहते. वरून जोर लावला तर खडा आणखी घट्ट बसतो. बोर्डच्या वरच्या कडेला भोक पाडून त्यात दोरीचा फास अडकवून ठेवा. दोरीने बोर्ड वर-खाली हलवत, पातळ फायबरची पट्टी फटीत घालून खडा सैल करायचा. फटीवरचं रबर फाटलेलं असेल तर हे रोजचंच होतं.

रीफ, म्हणजे जोरात वारा आल्यावर शीड थोडं आवरून लहान करणं, पाण्यात घेता येत नसेल तर होडी मुक्कामाच्या कामाची नाही. ब्यूफोर्ट मोजणीतला चाराचा वारा भरात आला की पहिला रीफ, पाचाला दुसरा, आणि सहाचा अंदाज असेल तर बाहेरच पडायचं नाही. जिब (पुढचं लहान शीड) उलट बाजूला ताणून बांधा, मेनसेलची (मोठ्या शिडाची) दोरी सैल सोडा, टिलर (सुकाणूचा दांडा) वाऱ्याच्या आडच्या बाजूला अडकवा. होडी बरीचशी शांत होते. मग हॅलियार्ड (शीड वर चढवायची दोरी) सोडून शीड थोडं उतरवा, पुढची कडी हुकात घाला, हॅलियार्ड पुन्हा ताठ करा आणि शेवटी मागची दोरी खेचा. मधल्या बारीक दोऱ्या फक्त लोंबणारं कापड आवरायला असतात. ताण त्यांच्यावर आला तर शीड तिथेच फाटतं. गुंडाळणारी जेनोआ (पुढचं मोठं शीड) अर्धी गुंडाळून चालवली की फुगीर होते आणि वाऱ्यावर चढत नाही, म्हणून लहान जिब वेगळी हवी. डोलकाठीच्या टोकाला फ्लोट लावाच. खाडीत होडी पूर्ण पालथी झाली तर काठी चिखलात रुतते. रडरची (सुकाणूची) खीळ दोरीने बांधलेली असू द्या, नाहीतर त्याच वेळी रडर निसटून जातं.

नांगर पाच किलोंचा, साखळी तीन ते पाच मीटर आणि नायलॉनची दोरी तीस मीटरहून कमी नको. हिशेब सोपा आहे : इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चिचेस्टर हार्बरमध्ये उधाणाला पाणी सुमारे चार मीटर चढतं, ओहोटीला दोन मीटर असलेल्या जागी भरतीला सहा होतात, त्याच्या पाचपट तीस.

तंबू बूमवर टाकायचा, बूम मागे काठीच्या टेकूवर थोडी उचलून. प्लास्टिकचा लेप असलेलं कापड पाऊस अडवतं, पण आतून पहाटे श्वासाचं पाणी टपकतं. दोन्ही टोकं हातभर उघडी ठेवली तर निभावतं. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर फळ्यांखाली साचतो, म्हणून सिलिंडर रात्री आत नको. स्पिरिटच्या स्टोव्हची ज्योत उन्हात दिसत नाही. तो पूर्ण थंड होईपर्यंत पुन्हा भरू नका आणि कोणताही स्टोव्ह बंद तंबूत पेटवू नका. पाणी माणशी रोज चार लिटर धरा, डबे पेटीला टेकवून तळाशी ठेवा. मागे ठेवले तर होडी शेपूट ओढत चालते.

दोन-अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन मागे लटकवलं की तेरा ते सतरा किलो नेमके तिथेच पडतात. खाडीत पावणेतीन मीटरची दोन वल्ही पुरतात. प्रवाहाविरुद्ध ती हरतात, पण तेव्हा नांगर टाकून ओहोटी सरेपर्यंत चहा करावा. रोड ट्रेलरची चाकं मात्र खाऱ्या पाण्यात बुडवायची नाहीत. बेअरिंग गंजतात आणि महामार्गावर चाक जॅम होतं. होडी ट्रॉलीवरूनच उतरवा.