दोन गुंठ्यांचा प्लॉट: रुंदी ‘क्ष’ मानावी की सरासरी?

कोल्हापुरात जमीन गुंठ्यांत मोजली जात असल्याने दहावीच्या विद्यार्थ्यांना वर्गसमीकरणाचे उदाहरण तिथूनच द्यावे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दोन गुंठ्यांच्या आयताकृती प्लॉटची लांबी रुंदीपेक्षा ३३ फूट जास्त आहे, तर बाजू काढा.

रुंदी क्ष मानल्यास क्ष² + ३३क्ष − २१७८ = ० मिळते आणि (क्ष + ६६)(क्ष − ३३) असे अवयव पडून रुंदी ३३, लांबी ६६ फूट येते. ऋण मूळ का सोडले, हे मात्र लिहायलाच हवे.

त्याऐवजी दोन्ही बाजूंची सरासरी म मानली, तर (म − १६.५)(म + १६.५) = २१७८, म्हणजे म² = २४५०.२५ आणि म = ४९.५, येथे मधले पदच उरत नाही, कारण पूर्ण वर्ग करण्याचे काम चल निवडतानाच झालेले असते.

खरा फरक आकडे अवघड झाल्यावर कळतो. लांबी ३० फुटांनीच जास्त असेल, तर पूर्णांकी अवयव पडतच नाहीत आणि पहिल्या मार्गाने सूत्राकडे वळावे लागते; दुसऱ्या मार्गाने म² = २४०३, म्हणून म सुमारे ४९.०२ आणि बाजू सुमारे ३४.०२ व ६४.०२ फूट. बाजूंमधील फरक दिलेला असेल, तेथे मी निःसंकोच दुसरा मार्गच शिकवेन. लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा पाच फूट जास्त, अशी अट असल्यास मात्र पहिलाच सोयीचा.