जुन्या नॅसची साठवण वाढवताना : आतल्या डिस्क बदलाव्यात, बाहेरून जोडावी की नवे यंत्र घ्यावे?

दोन कप्प्यांचे जुने नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेले दोन डिस्कचे साठवणयंत्र, फोटो, व्हिडिओ आणि स्कॅन केलेल्या कागदपत्रांनी भरत आले की तीन मार्ग उरतात : आतल्या डिस्क काढून मोठ्या बसवणे, यूएसबीला बाहेरची डिस्क जोडणे किंवा यंत्रच नवे घेणे. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत बोलणे ‘किती टीबी हवे?’ येथून सुरू होते. परंतु त्याआधी या यंत्राला कंपनीकडून अजून सुरक्षा अपडेट मिळतात का, याचे उत्तर हाती असावे.

अपडेट मिळत असतील तर डिस्क बदलणे हाच मार्ग मला सरस वाटतो. रेड १ (RAID 1) या मांडणीत दोन्ही डिस्कवर सारखीच माहिती असल्यामुळे एक डिस्क काढून तेथे मोठी बसवायची, रीबिल्ड, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून नव्या डिस्कवर सारी माहिती उतरणे, पूर्ण होऊ द्यायचे, मग दुसरी बदलायची आणि शेवटी व्हॉल्यूम (माहितीसाठी आखलेला साठवणीचा भाग) वाढवायचा, असा क्रम असतो. तोपर्यंत वाढलेली जागा दिसत नाही. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तरी ४ टीबीच्या एका डिस्कच्या रीबिल्डला सुमारे अकरा तास लागतात, आणि जुन्या प्रोसेसरवर त्याहूनही जास्त. त्या काळात सगळी भिस्त एकाच, तीही वर्षानुवर्षे फिरलेल्या डिस्कवर असते. म्हणून नागपुरात हे काम मे महिन्यात काढू नये. पारा ४५ अंशांवर असताना डिस्क खोलीपेक्षाही अधिक तापते आणि बहुतेक डिस्कची मर्यादा ६० ते ६५ अंशांची असते. त्यात अवकाळी वादळात वीज गेली तर रीबिल्ड अर्धवट राहते. दिवाळीनंतरचे दिवस आणि यूपीएस, दोन्ही साधावे. कूलरच्या झोतासमोर नॅस ठेवणे हा उपाय नव्हे, कारण ती हवा दमट असते.

खरेदीपूर्वी यंत्राची मर्यादाही तपासावी. फार जुनी काही यंत्रे २ टीबीपेक्षा मोठी डिस्क ओळखत नाहीत, आणि ३२ बिट प्रोसेसरच्या अनेक यंत्रांत एक व्हॉल्यूम १६ टीबीच्या पुढे जात नाही. डिस्क सीएमआर पद्धतीचीच, म्हणजे माहितीच्या रेषा एकमेकींवर न चढवता लिहिणारी घ्यावी. या रेषा एकमेकींवर अंशतः चढवणाऱ्या एसएमआर डिस्कवर सलग लेखनाचा ताण आला की वेग कोसळतो, आणि रीबिल्ड म्हणजे नेमका तोच ताण. वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये आपल्या ‘रेड’ (Red) या नावाच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे मान्य केले होते; सीएमआर हवी असेल तर ‘रेड प्लस’ हे नाव पाहून घ्यावे.

यूएसबीची डिस्क सर्वांत स्वस्त आणि सोपी. मात्र जुन्या यंत्रात यूएसबी २.० असेल तर प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३० ते ३५ एमबीच मिळतो, तर गिगाबिट नेटवर्क साधारण ११० एमबी पेलते. शिवाय ती डिस्क आतल्या रेड जोडीच्या बाहेर राहते. ती बिघडली की तिच्यावरचे सारे गेले. ईसॅटाने (बाहेरच्या डिस्कसाठीच्या वेगळ्या जोडणीने) जोडायचे, जादा डिस्कचे विस्तार संच काही ठरावीक मॉडेलांनाच चालतात आणि जुन्या नॅससाठी तो खर्च क्वचितच परवडतो.

अपडेट बंद झाले असतील तर नव्या डिस्क जुन्या यंत्रात घालणे मला पटत नाही. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या नॅसचे अपडेट २०१५ मध्ये थांबले होते, जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या अशा अनेक यंत्रांवरचा डेटा बाहेरूनच पुसला गेला. दुसरी अडचण रोजची आहे : नेटवर्कवरून फायली उघडण्याची फक्त एसएमबी १ ही जुनी पद्धत जाणणारे नॅस नव्याने टाकलेल्या अलीकडच्या विंडोजवर बहुधा उघडत नाही, कारण त्या पद्धतीचा भाग आता सहसा आपोआप बसत नाही. अशा वेळी पैसे नव्या यंत्रात घालावेत आणि जुन्याचा इंटरनेट बंद करून ते केवळ बॅकअपला ठेवावे.

खर्चाची तुलना करताना एक गोष्ट सहसा सुटते. रेड हा बॅकअप नव्हे. त्यामुळे डिस्क बदलायच्या असोत वा यंत्र, आधी सगळा डेटा वेगळ्या डिस्कवर उतरवावाच लागतो. म्हणजे बाहेरची डिस्क हा तिसरा पर्याय नसून उरलेल्या दोन्ही पर्यायांच्या बिलातली पहिली रक्कम आहे. डिस्क बदलणाऱ्यांनी प्रथम काढलेली जुनी डिस्कही लगेच फॉरमॅट करू नये. तिच्यावर त्या दिवसापर्यंतची पूर्ण प्रत असते, तेव्हा तारीख लिहून ती नवी जोडी महिनाभर नीट चालेपर्यंत बाजूला ठेवावी.